बदली ट्रान्झिस्टर : नंबर पाहावा की काम?



तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पत्र्याची एक पेटी असेल. पुढच्या बाजूला एक तांबडी आणि एक काळी खुंटी, मध्ये एक गोल बटण. बटण फिरवावे तसे शून्यापासून १५ व्होल्टपर्यंत हवे तेवढे विभवांतर मिळते. तिला आपण सगळे ‘पॉवर सप्लाय’ म्हणतो. ओहमचा नियम पडताळायचा असो की विज्ञान प्रदर्शनातला प्रकल्प चालवायचा असो, ही पेटी लागतेच. आणि ती बिघडली, की पुष्कळ वेळा एकाच जागी बिघडलेली आढळते. पेटीच्या पाठीमागे ॲल्युमिनियमच्या पातेदार तुकड्यावर, म्हणजे हीट सिंकवर, जो मोठा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो तो जळतो.

मग शोधाशोध सुरू होते. ट्रान्झिस्टरच्या टोपीवर नंबर छापलेला असतो, बहुधा २एन ३०५५. पोलादपूरला तो मिळत नाही. महाडच्या बाजारात विचारावे तर आज आहे, उद्या नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आमच्यापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पुण्याची तपकीर गल्ली घाटाच्या पलीकडे. तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी एवढा प्रवास कोण करणार? तेव्हा दुकानदार काचेच्या कपाटातून दुसराच एक ट्रान्झिस्टर काढून देतो आणि म्हणतो, “सर, हा चालतो.”

येथे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नंबर जुळला पाहिजे, दुसरा काही लावू नका. दुसरा म्हणतो, एनपीएनच्या जागी एनपीएन लावला की झाले. पहिल्या पक्षाच्या प्रयोगशाळेत पेट्या वर्षानुवर्षे कपाटावर पडून राहतात. दुसऱ्या पक्षाच्या पेट्या दुरुस्त होतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा जळतात. माझे मत असे, की दोघेही एकच चूक करतात. दोघेही ट्रान्झिस्टरकडे पाहतात. तो जे काम करतो त्याकडे पाहत नाहीत. ते काम किती आणि कसले, हे नववी-दहावीचा विद्यार्थी कागदावर काढू शकतो. त्यासाठी लागणारे सारे भौतिकशास्त्र तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे.

पाहा, ही पेटी करते काय? आतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १८ व्होल्ट करतो. चार डायोड प्रत्यावर्ती प्रवाह एका दिशेने वळवतात आणि मोठा कंडेन्सर त्यातले चढउतार कमी करतो. १८ व्होल्ट हे मूल्य परिणामी मूल्य असते. शिखरावर ते १.४१४ पट, म्हणजे साधारण २५.४ व्होल्ट होते. डायोडमध्ये दीड व्होल्टच्या आसपास खर्च होतात. म्हणजे काही जोडलेले नसताना कंडेन्सरवर २४ व्होल्ट, आणि दोन ॲम्पिअर ओढले तर सरासरी २१ व्होल्टपर्यंत उतरलेले, असे धरू. तुम्हाला हवेत ५ व्होल्ट. मग उरलेले १६ व्होल्ट कोठे जातात? ते आपला मोठा ट्रान्झिस्टर स्वतःवर घेतो. तो या दोघांच्या मध्ये मालिकेत बसलेला असतो आणि जास्तीचे विभवांतर अडवून धरतो.

अडवून धरणे फुकट होत नाही. विभवांतर गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. १६ व्होल्ट गुणिले २ ॲम्पिअर म्हणजे ३२ वॉट. एवढी उष्णता नखाएवढ्याही नसलेल्या सिलिकॉनच्या चकतीत निर्माण होते. आता गंमत पाहा. याच पेटीतून १२ व्होल्टला दोन ॲम्पिअर घेतले तर ट्रान्झिस्टरवर ९ व्होल्ट पडतात आणि उष्णता १८ वॉटच होते. म्हणजे बटण खाली आणले, बाहेर कमी व्होल्ट दिले, की ट्रान्झिस्टर अधिक तापतो. वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा दहातले आठ हात उलट उत्तराला वर होतात. आणि दोन्ही खुंट्या चुकून एकमेकींना चिकटल्या तर? पेटीत दोन ॲम्पिअरची मर्यादा घातलेली असली तरी संपूर्ण २१ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर येतात आणि ४२ वॉट होतात. तुमच्या प्रयोगात तारा कितीदा चिकटतात ते तुम्हीच आठवा.

आता दुकानदाराच्या हातातल्या ट्रान्झिस्टरकडे वळू. समजा तो टिप ३०५५ आहे. २एन ३०५५ गोल टोपीचा, धातूचा. टिप ३०५५ काळ्या प्लॅस्टिकचा, चपटा. नावात ३०५५ दोन्हीकडे आहे. तक्ते उघडून पाहिले तर दोघांनाही ६० व्होल्ट आणि १५ ॲम्पिअर अशीच मर्यादा दिलेली आढळते. शक्तीच्या रकान्यात पहिल्यापुढे ११५ वॉट आणि दुसऱ्यापुढे ९० वॉट. आपल्याला हवेत ३२. मग काळजी कसली?

काळजी त्या रकान्याखालच्या बारीक अक्षरांत आहे. ११५ आणि ९० हे आकडे ट्रान्झिस्टरचे बाहेरचे आवरण २५ अंश सेल्सिअसला राखले तरच खरे आहेत. मे महिन्यातल्या महाडात हातातला पेलासुद्धा २५ अंशांना राहत नाही. ३२ वॉट ओतणाऱ्या ट्रान्झिस्टरचे आवरण कसे राहील? म्हणून हिशोब उलट्या बाजूने, हवेपासून आत, करावा लागतो.

उष्णतेच्या वाटेत रोध असतो, जसा विजेच्या वाटेत असतो. विजेचा रोध व्होल्ट प्रति ॲम्पिअरमध्ये, उष्णतेचा अंश प्रति वॉटमध्ये. ओहमचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो, आणि मला तर वाटते की या एका उदाहरणासाठीच हा विषय शाळेत आणावा. पेटीतली हवा ४० अंश धरा. मध्यम आकाराच्या हीट सिंकचा रोध २ अंश प्रति वॉट. ३२ वॉटला तो हवेपेक्षा ६४ अंशांनी तापेल. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट असते. तिचा रोध अर्धा अंश धरला तर आणखी १६ अंश. म्हणजे ट्रान्झिस्टरचे आवरण १२० अंशांवर पोहोचले. आता आवरणापासून आतल्या चकतीपर्यंत: २एन ३०५५ साठी १.५२ अंश प्रति वॉट, म्हणजे आणखी ४९ अंश. एकूण १६९. धातूच्या टोपीतल्या या ट्रान्झिस्टरची चकती २०० अंशांपर्यंत चालते. तो तरला.

टिप ३०५५ चा आतला रोध उलट थोडा कमी आहे, १.३९. म्हणजे १२० अधिक ४४, एकूण १६४ अंश. पण प्लॅस्टिकच्या आवरणातल्या या ट्रान्झिस्टरची मर्यादा १५० अंशांवर संपते! पाच अंश थंड राहूनही तो मेला, कारण त्याची सहनशक्ती पन्नास अंशांनी कमी होती. नावातला ३०५५ त्याला वाचवू शकला नाही.

मग टिप ३०५५ टाकाऊ समजायचा का? मुळीच नाही. हीट सिंक दुप्पट चांगला, म्हणजे १ अंश प्रति वॉटचा बसवा. ४० अधिक ३२ अधिक १६ अधिक ४४ मिळून १३२ अंश होतात आणि तोच ट्रान्झिस्टर चालतो. किंवा दोन टिप ३०५५ समांतर जोडून, प्रत्येकाच्या एमिटरमध्ये लहानसा, ओहमच्या दशांशातला रोध घालून काम वाटून द्या. आणि दुकानात २एन ३७७३ असेल, तर नंबर अगदीच निराळा असूनही तो या जागी मूळ ट्रान्झिस्टरपेक्षा बरा. त्याची मर्यादा १४० व्होल्ट आणि १६ ॲम्पिअर, आवरण धातूचेच, आतला रोध १.१७, चकती १५७ अंशांवर थांबते. सारख्या नावाचा नापास झाला आणि परक्या नावाचा पास झाला, तो असा.

नावांबद्दल येथेच थोडे सांगतो. अमेरिकी पद्धतीच्या ‘२एन’ नावात पुढचा आकडा हा केवळ नोंदणीचा क्रमांक आहे; त्यातून ट्रान्झिस्टरच्या गुणांविषयी काही कळत नाही. युरोपी पद्धतीत अक्षरे बोलतात: पहिले अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन, दुसरे सी म्हणजे लहान कामाचा, डी म्हणजे शक्तीचा. म्हणून एसी १२८ जर्मेनियमचा आणि बीडी १३९ सिलिकॉनचा, हे नुसत्या नावावरून कळते. जपानी नावांत २एसए व २एसबी हे पीएनपी, २एससी व २एसडी हे एनपीएन. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत एसएल १०० आणि एसके १०० ही जोडी पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. पहिला एनपीएन, दुसरा पीएनपी. नाव वाचता येणे चांगले, पण नाव हे आडनावासारखे आहे. घराणे कळते, माणूस कळत नाही.

आणि नंबर तंतोतंत जुळला तरी माणूस तोच असेल असे नाही. २एन ३०५५ हा आरसीए या अमेरिकी कंपनीने १९६० च्या दशकात आणला. त्या वेळच्या कृतीत त्याचा पाया जाड आणि एकसारखा असे. ट्रान्झिस्टर संथ, पण रांगडा. पुढे, १९७० च्या दशकात, कृती बदलली, पाया पातळ झाला आणि ट्रान्झिस्टर जलद झाला. जुन्याची झेप सुमारे ०.८ मेगाहर्ट्झ, नव्याची किमान २.५. नंबर मात्र तोच राहिला! एखाद्या जुन्या पेटीत हा जलद भाऊ बसवला तर कधी कधी मंडल स्वतःच आंदोलने करू लागते. मल्टिमीटर ५ व्होल्ट बरोबर दाखवतो, बाहेर काही जोडलेलेही नसते, तरी ट्रान्झिस्टर गरम. आणि शेजारी रेडिओ लावला तर तो खरखरतो. अशा वेळी नंबर पाहणारा मेकॅनिक बुचकळ्यात पडतो.

नकली माल हा आणखी एक त्रास. या नंबरचे नाव मोठे, म्हणून त्याच्या नकलाही फार. बाहेरून टोपी हुबेहूब, आत मात्र चकती लहान. लहान चकतीला उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. म्हणजे वर मांडलेला १.५२ हा आकडाच खोटा ठरतो. हे डोळ्यांना दिसत नाही, भार घालूनच कळते. भार कसा घालायचा ते पुढे सांगतो.

तक्ता वाचताना दोन ठिकाणी मी विद्यार्थ्यांना हटकून अडवतो. एक म्हणजे विभवांतराचा रकाना. २एन ३०५५ पुढे काही याद्यांत १०० व्होल्ट लिहिलेले असते, काहींत ६०. दोन्ही खरे. १०० हे कलेक्टर आणि बेस यांच्यामधले, एमिटर मोकळा ठेवून. ६० हे कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधले, बेस मोकळा ठेवून. आपल्या पेटीत जे पडते ते कलेक्टर-एमिटरमध्ये, तेव्हा ६० हाच आकडा आपला. आपल्या पेटीत विजेचा दाब २५० व्होल्टपर्यंत चढला तरी कंडेन्सरवर २६-२७ व्होल्टच येतात. म्हणजे मर्यादा दुपटीहून अधिक आहे. छान.

दुसरे म्हणजे, ६० व्होल्ट आणि १५ ॲम्पिअर हे दोन्ही एकदम चालतील अशी समजूत. गुणाकार करून पाहा: ९०० वॉट. ट्रान्झिस्टर ११५ चा! तेव्हा या दोन भिंती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये तिसरी, तिरपी भिंत आहे. अवजड वाहनाचा परवाना असलेला चालक सपाटीवर भरलेला ट्रक वेगाने नेईल, वरंध घाटात रिकामा ट्रकही नेईल. पण भरलेला ट्रक घाटात त्याच वेगाने नेतो म्हणाला, तर आपण गाडीतून खाली उतरू. ट्रान्झिस्टरच्या तक्त्यात या घाटाचा नकाशा आलेखाच्या रूपाने दिलेला असतो, त्याला सुरक्षित कार्यक्षेत्र म्हणतात. जास्त विभवांतरावर चकतीतला एखादा ठिपकाच अधिक तापतो, तेथे प्रवाह अधिक वाहतो, म्हणून तो आणखी तापतो, आणि सरासरी वॉट मर्यादेत असतानाही तेवढ्याच ठिकाणी ट्रान्झिस्टर वितळतो. आपली पेटी २१ व्होल्टची असल्याने या घाटात फारशी शिरत नाही. चाळीस-पन्नास व्होल्टच्या पेटीत मात्र हा आलेख पाहिल्याशिवाय बदली निवडू नये.

प्रवाहवर्धनाचे एक वाक्यात सांगता येईल: मोठ्या ट्रान्झिस्टरचे वर्धन २० असेल तर दोन ॲम्पिअरसाठी त्याच्या बेसला १०० मिलिॲम्पिअर लागतात, आणि ते देणारा मागचा लहान ट्रान्झिस्टर तेवढा समर्थ आहे की नाही हे पाहावे. बीडी १३९ लहानशा पत्र्यासह ते सहज देतो. एसएल १०० ला पत्र्याशिवाय ते जड जाईल.

आता मुख्य प्रश्न. पहिला ट्रान्झिस्टर मेला कशाने? हे न विचारता दुसरा बसवणे म्हणजे विहिरीत काय आहे ते न पाहता दुसरा पोहरा सोडणे. आमच्या भागात याचे एक खास कारण मी पाहिले आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. दुकाने, घरे यांचे तळमजले पाण्याखाली गेले. नंतर कित्येक उपकरणे उन्हात वाळवून पुन्हा चालू करण्यात आली. काही चालली, काही आठवड्याभराने बसली. अशा पेट्या उघडल्या, की वरून सारे स्वच्छ पुसलेले दिसे. पण ट्रान्झिस्टर उचलला की अभ्रकाच्या चकतीखाली गाळाचा पातळ थर निघे. २एन ३०५५ ची धातूची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर. ती पत्र्यापासून वेगळी ठेवायला अभ्रक असते. दमट गाळाने ती वेगळी राहत नाही, आणि तोच गाळ उष्णतेची वाटही अडवतो. तेथे मुंबईहून आणलेला अस्सल ट्रान्झिस्टर बसवला तरी त्याचे भवितव्य तेच. चकती बदलायची, पेस्ट नवी लावायची, खिळ्यांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या तपासायच्या, आणि मग ट्रान्झिस्टरचा विचार करायचा.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? हा ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट होऊन मरतो. कलेक्टर आणि एमिटर आतून एक होतात, आणि पेटीतले सगळेच्या सगळे २४ व्होल्ट बाहेरच्या खुंट्यांवर येतात. ५ व्होल्टवर चालणारे जे काही तुम्ही जोडलेले असेल, त्याला ते सांगायला कोणी येत नाही. पोलादपूरकडच्या एका शाळेतल्या मुलांनी तीन महिने खपून केलेला पर्जन्यमापकाचा प्रकल्प तालुक्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी असाच गेला. पेटीत बदली ट्रान्झिस्टर बसवलेला होता. ‘चालतो’ म्हणून बसवलेला. तो खरोखर चालत होता, १२ व्होल्टला. ५ व्होल्टला तो किती तापेल हे कोणी मोजले नव्हते.

म्हणून बदली बसवल्यावर तपासणी सर्वांत वाईट अवस्थेत करावी. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा घ्या. १२ व्होल्टला तो पावणेदोन ॲम्पिअर घेतो. असे दोन दिवे समांतर जोडले आणि बटण ५ व्होल्टला ठेवले, की प्रवाह दोन ॲम्पिअरच्या आसपास येतो. (थंड दिव्याचा रोध फार कमी असतो, म्हणून सुरुवातीला क्षणभर पेटीला शॉर्टच झाल्यासारखे वाटते, तीही एक परीक्षाच समजा.) अर्धा तास चालू ठेवा. दर पाच मिनिटांनी व्होल्ट लिहा आणि हीट सिंकचे तापमान तापमापकाने मोजा, बोटाने नव्हे; वरच्या हिशोबाप्रमाणे ते १०४ अंशांना जाऊ शकते. कागदावरचा आकडा आणि मोजलेला आकडा यांत फार अंतर पडले, तर आपला रोधाचा अंदाज चुकला किंवा पेस्ट नीट लागली नाही. तापमान चढतच राहिले, तर बंद करा.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की अशी पेटी बिघडली तर ती निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी एक तास मुलांच्या पुढे ठेवावी. ओहमचा नियम, शक्ती, उष्णतेचे वहन, परिणामी मूल्य असे चार धडे एका पेटीत आहेत, आणि उत्तराला खरा भाव आहे: चुकले तर ट्रान्झिस्टर जळतो. तयार उपकरणावर ठरलेली वाचने घेऊन ठरलेला आलेख काढण्यात हा भाव नसतो. काही जण म्हणतात, यात धोका आहे. धोका आहेच, म्हणून मर्यादा स्पष्ट असाव्यात. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. कंडेन्सर रोधामधून रिकामा केल्याशिवाय हात घालायचा नाही. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू फक्त शिक्षकांनी पाहायची. आणि संगणकाच्या किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायला हे सारे लागू करू नये. त्यात आधी ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेचे सरळ ३२५ व्होल्ट होतात आणि त्यांचाच ट्रान्झिस्टर असतो. ते काम विद्यार्थ्यांचे नव्हे. लोखंडी ट्रान्सफॉर्मरची, हातात जड लागणारी जुनी पेटी हीच आपली.

शेवटी एक काम उरते ते चिठ्ठीचे. झाकण लावण्यापूर्वी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: तारीख, मूळ ट्रान्झिस्टरचा नंबर, बदलीचा नंबर, हीट सिंक बदलला असल्यास तसे, आणि ५ व्होल्टला दोन ॲम्पिअरवर अर्ध्या तासाने मोजलेले तापमान. पेन्सिलने लिहा, दमट हवेत शाई पसरते.